विरजण

पहिल्या खेपेला मी टाकी घासून घेतली.
तेहतीस वर्षं एम. वाय. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये
काचपट्ट्या धुतलेले हात माझे.
नारळाची शेंडी, सोडा, तीन पाणी,
मग वर नर्मदेचं, एक दिवसाआड येणारं,
आणि त्यात बारा मासे.

चौथ्या दिवशीही बाराच होते.
पण उताणे.
थर्माकोलच्या भोकांतून पाय सोडून बसलेली
पालकाची रोपं पिवळी होत गेली,
पंगत लांबलेल्या पाहुण्यांसारखी,
बोलली मात्र काही नाहीत.

सिरपूर तलावात गेंदालाल केवट
शिंगाड्याच्या वेलीत कमरेइतका उभा.
मी काठावरून त्याला पीएच सांगितला, क्लोरीन सांगितलं.
त्यानं सगळं ऐकलं, एक शिंगाडा सोलून हातावर ठेवला,
आणि म्हणाला, त्याच्या माळवीत,
मी माझ्या मराठीत ऐकलं:
बाई, दूध कितीही चांगलं असो,
आपलं आपण लागतं का त्याचं दही?

मग पायानं चाचपून
तळचा काळा चिखल काढून दिला. अर्धी बादली.

सिटी बसमध्ये बादली मांडीवर.
या शहरात घाण फक्त बाहेर जाते,
सकाळी, पिवळ्या गाडीतून, गाणं वाजवत.
आत घेऊन येणारी मीच पहिली असेन.
काय आहे, कंडक्टरनं विचारलं.
विरजण, म्हटलं.
त्यानं नाक दाबून तिकीट फाडलं.

मग तीन आठवडे काही नाही.
म्हणजे वास.
शेजारच्या बुधकर वहिनींनी खिडकी लावून घेतली,
दोनदा, मला ऐकू येईल अशी.

लिलावात घेतलेला जुना मायक्रोस्कोप आहे माझ्याकडे.
एक डोळा त्याचा थोडा आंधळा.
रात्री एक थेंब ठेवला त्याच्याखाली.
शेवाळाच्या हिरव्या बांगड्या, फुटक्या आणि अखंड,
तोंडाची चक्रं फिरवत धावणारं कुणी,
आणि त्यांच्यामागे, ठिपक्यांहून बारीक, ते,
माशांचं मुतलेलं
पालकाला पचेल असं शिजवून वाढणारे.
जन्मभर मी असल्यांनाच शोधलं,
सापडले की नाव लिहून वर पाठवलं,
मारायची औषधं ठरवायला.
आणि आता डोळा लावून, श्वास धरून
विचारत होते,
आलात का?

आले.
पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं.
गोगलगायी कुठून निघाल्या माहीत नाही,
बादलीत त्यांचं नाव नव्हतं.
कडेला अळवानं बस्तान मांडलं,
मुळांच्या दाढीत गप्पी माशांची पोरं लपाछपी खेळली.
मी पंप बंद केला. काही बिघडलं नाही.
एका सकाळी गच्चीच्या तारेवर खंड्या बसला,
निळा, नुकता इस्त्री केलेला,
आणि डोळ्यांदेखत तीन मासे घेऊन गेला.
वहीत मी लिहिलं: खर्च, तीन.
मग खोडलं.
ज्याला तळं वाटलं तो आला.
आता आपण टाकी का म्हणायचं?

शुक्रवारी फदफदं केलं,
चिंच, गूळ, दाणे, वर लसणीची फोडणी.
बुधकर वहिनींकडे पातेलीभर दिलं.
कुठलं अळू म्हणून विचारलं त्यांनी.
ज्याचा वास येत होता ते, म्हटलं.
जेवल्या. काही बोलल्या नाहीत.

आठ दिवसांनी जिन्यात भेटल्या.
आमची पण एक टाकी आहे वर, पडून, म्हणाल्या,
पदराच्या टोकाशी बोलत.

मी गच्चीवर गेले, बाही वर केली,
तळापर्यंत हात घातला
आणि झाकणाच्या स्टीलच्या वाटीत
मूठभर चिखल आणून दिला.

चैत्र गेला, वैशाख गेला.
वाटी अजून परत आली नाही.
रिकामी कशी द्यायची, म्हणून
अडून बसल्या असतील.